झुलपं वाढवली म्हणून पोरगं गुंड होत नाही

सांगलीतल्या पालकांच्या ग्रुपवर आठवडाभर एकच मेसेज फिरतोय: 'आरशासमोरून न हलणारा, झुलपं वाढवणारा पोरगा म्हणजे उद्याचा गुंड. चेहऱ्यावरच कळतं. शाळेनंच कात्री लावावी.' मी नववीला शिकवते. ही पोरं रोज समोर असतात, म्हणून गप्प बसवत नाही.

चेहऱ्यावर कळतं, हे इटलीच्या लोम्ब्रोसो नावाच्या डॉक्टरनं 1876 मध्येच सांगितलं होतं. जबडा, कान, कपाळ बघून म्हणे जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो. इंग्लंडमध्ये तुरुंगाचे डॉक्टर चार्ल्स गोरिंग यांनी हजारो कैद्यांची मापं घेतली आणि 1913 मध्ये ते खोडून काढलं. आपल्याकडं तर जन्मावरून अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवणारा 1871 चा कायदा होता. तो 1952 मध्ये रद्द झाला, तरी पारध्यांच्या पाठीमागचा संशय अजून सुटलेला नाही. आता तोच शिक्का पोरांच्या केसांवरून मारायचा?

आरशाचं म्हणाल, तर या वयात मिसरूड फुटते, मुरमं येतात, पोर बघणारच. मला काळजी वाटली ती आरसा टाळणाऱ्याची. माझ्या वर्गातला एक जण मास्क काढायचाच नाही. डबा खाताना तो हनुवटीवर ओढायचा, तेही भिंतीकडं तोंड करून. मुरमांवरून त्याचं नाव पडलं होतं 'खडी'. हजेरीत त्याचा नंबर आला की मागून आवाज यायचा, "खडी हजर!" पुढं तो शाळा बुडवून कृष्णेच्या घाटावर मोठ्या पोरांत बसायला लागला. का रे, विचारलं तर म्हणाला, "बाई, तिथं मला नावानं हाक मारतात."

'कुरूप मुलं जास्त गुन्हे करतात' असं अमेरिकेतलं संशोधनही कुणीतरी त्या मेसेजला जोडलंय. दोन अर्थतज्ज्ञांचा 2010 चा तो अभ्यास 18 ते 26 वयाच्या तरुणांचा आहे. रूपाला गुण दिले ते मुलाखत घ्यायला आलेल्यांनी. ते गुण त्या तरुणांनी स्वतःला दिलेले नव्हते. आणि अर्थतज्ज्ञांनी दिलेलं एक कारण म्हणजे रूपामुळं कमी मिळणारा पगार. म्हणजे दोष बघणाऱ्यांच्या वागण्यात निघाला.

राहिली कात्री. शिक्षण हक्क कायद्याचं 17 वं कलम सहा ते चौदा वयाच्या मुलांना मारण्याबरोबर त्यांच्या मानसिक छळालाही बंदी घालतं. नववीतली पोरं त्याहून थोडी मोठी असली, तरी छळ तो छळच. चाळीस पोरांसमोर एकाचे केस कापणं हा छळ नाही तर काय?

'खडी'साठी मी आधी ती मागची हाक बंद केली. मग त्याच्या आईला सोबत घेऊन मिरजेला त्वचेच्या डॉक्टरांकडं गेले. मुरमं अजून आहेत. डबा मात्र तो आता घोळक्यात बसून खातो.