माणसं कमी झाली म्हणून पाइपलाइन आखूड होत नाही

२००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार ७७७ होती. २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजार ६९ भरली. सिंधुदुर्ग ८ लाख ६८ हजार ८२५ वरून ८ लाख ४९ हजार ६५१ वर आला. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या मात्र सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. २०११ ला रत्नागिरीत हजार पुरुषांमागे १,१२२ बायका होत्या. कमावता पुरुष मुंबई-पुण्याला आणि घरी सासू, सून, पोरं हे चित्र त्या एका आकड्यात दिसतं. त्यानंतर सुना आणि पोरंही निघाली.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे, आणि माणसांची प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारीत. कोकणातलं गाव वर्षभरात सर्वांत रिकामं असतं त्यांतला हा एक महिना. शिमग्याची गर्दी अजून आलेली नसते, मे लांब असतो, गणपती होऊन गेलेले असतात. माणूस जिथे राहतो तिथे मोजला जावा, हे बरोबरच आहे. माझं भांडण मोजणीशी नाही, त्या आकड्यावरून पैसे वाटण्याच्या पद्धतीशी आहे.

केंद्राने नेमलेल्या १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी देशभरातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांना २ लाख ३६ हजार ८०५ कोटी रुपये ठरवले. राज्याराज्यांत वाटणी करताना लोकसंख्येला ९० टक्के आणि क्षेत्रफळाला १० टक्के वजन, आणि लोकसंख्या २०११ ची. महाराष्ट्रात आलेल्या पैशातले ८० टक्के ग्रामपंचायतीला, १० टक्के पंचायत समितीला, १० टक्के जिल्हा परिषदेला. त्या काळात ग्रामपंचायतीच्या वाट्यातले ६० टक्के बंधित होते, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्चायचे. उरलेले ४० टक्के अबंधित, पण त्यातून पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नव्हता.

सोप्या हिशेबासाठी ग्रामपंचायतीला वर्षाला माणशी ५०० रुपये मिळतात असं धरू. ६०० वस्तीच्या गावाला ३ लाख. बंधित १ लाख ८०, अबंधित १ लाख २०. उद्या गावात ४२० माणसं मोजली गेली, की हाच वाटा २ लाख १० हजारांवर येतो. आजवर २०११ चाच आकडा धरल्यामुळे हा फटका दिसला नाही. नव्या जनगणनेचा आकडा सूत्रात येईल तेव्हा तो एकदम बसेल, आणि तयारीला वेळ नसेल.

आता खर्चाकडे बघू. गावात पाच वाड्या असतील, तर माणसं कमी झाल्याने त्या चार होत नाहीत. प्रत्येक वाडीत दोन-चार घरं उघडी असतातच. पाखाड्या म्हणजे दगडी पायवाटा तेवढ्याच, साकव म्हणजे ओढ्यावरचे लहान पूल तेवढेच, दिव्याचे खांब तेवढेच. खर्च अंतरावर आणि नगावर ठरतो, निधी डोक्यांवर.

पाणी योजनेत हे सर्वांत स्पष्ट दिसतं. एक नेहमीची योजना घ्या: खाली नदीकाठी विहीर, वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर, साठवण टाकी, तिथून वाड्यांना नळ. १५० घरांची योजना, पण बारमाही उघडी घरं ६०. पाच अश्वशक्तीचा पंप रोज चार तास चालला तर दिवसाला साधारण १५ युनिट, महिन्याला ४५०. पाणी सोडणाऱ्याचं मानधन, पाणी निर्जंतुक करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, व्हॉल्व्ह, पाइप, दोन-तीन वर्षांतून एकदा पंपाचं रिवाइंडिंग, सगळं मिळून वर्षाचा खर्च १ लाख ८० हजार धरा. १५० घरांत वाटला तर घरामागे महिन्याला १०० रुपये. ६० घरांत वाटला तर २५०. ती ६० घरं बहुतेक म्हाताऱ्या माणसांची. पट्टी थकते, बिल थकतं, वीज तुटते. पाणीपुरवठ्याचं वीजबिल वित्त आयोगाच्या बंधित निधीतून भरता येतं, पण मग त्या वर्षी दुरुस्तीला काही उरत नाही.

दुसरी अडचण आराखड्यातली आहे. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर धरतात आणि लोकसंख्या पुढच्या वर्षांसाठी वाढवून घेतात. हे सूत्र वाढत्या गावाचं आहे. आमच्याकडे एकाच गावाच्या दोन लोकसंख्या असतात. फेब्रुवारीत ६० घरांत दीडशे माणसं, गरज ८,२५० लिटर. मे महिन्यात १५० घरं भरली, घरटी आठ माणसं, म्हणजे १,२०० माणसं आणि ६६ हजार लिटर. गरज आठपट होते, आणि तीही जांभ्यातून पाणी निथळून विहीर तळाला गेलेली असते त्याच आठवड्यांत. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पावसाच्या मुलखात मे महिन्यात टँकर का लागतो, असं पुण्या-मुंबईची माणसं विचारतात. त्याच्या उत्तराचा मोठा भाग या हिशेबात आहे.

मग टाकी ६० हजार लिटरची बांधली जाते. मे महिन्यात तीही थोडी कमीच पडते. उरलेले आठ-दहा महिने त्यात रोजच्या गरजेच्या सातपट पाणी पडून राहतं. आठवडाभर साठलेल्या पाण्यातला क्लोरीन उडून जातो आणि शेवटच्या वाडीच्या नळाला तो शून्य दाखवतो. टाकी रोज भरणारा माणूस आपलं काम चोख करत असतो, पण पाणी शिळं असतं. यावर उपाय आहेत आणि ते महाग नाहीत. बिगरहंगामात टाकी पाव भागच भरायची. टीसीएल टाकीच्या आकारावर न टाकता नव्याने चढवलेल्या पाण्यावर टाकायची, हजार लिटरला ५ ग्रॅम या प्रमाणात. बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन, वरचं निवळ पाणी टाकीत ओतायचं आणि अर्ध्या तासाने पाणी सोडायचं. तपासणी टाकीजवळच्या नळावर नको, सर्वांत लांबच्या नळावर हवी. तिथे लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन मिळाला पाहिजे. बंद घरांकडे जाणाऱ्या फाट्यांच्या टोकाशी वॉशआउट, म्हणजे साठलेलं पाणी सोडून द्यायची तोटी, ठेवून पंधरवड्याने पाणी वाहू द्यायचं. नवी योजना मंजूर होत असेल तर एक मोठी टाकी घेऊच नका. १५ हजार आणि ४५ हजारांच्या दोन मागा. मोठी फक्त हंगामात चालू ठेवायची. तांत्रिक मंजुरीआधी ग्रामसभेने ठराव देऊन हे मागितलं तर होऊ शकतं, काम सुरू झाल्यावर होत नाही.

शाळांबद्दल थोडक्यात. समग्र शिक्षा या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: ३० मुलांपर्यंत वर्षाला १० हजार, त्यापुढे शंभरपर्यंत २५ हजार. सहा मुलांच्या शाळेचं छप्पर ३१ मुलांच्या शाळेपेक्षा कमी गळत नाही. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करून मुलांचं समायोजन करण्याचा निर्णय राज्याने घेतला. समायोजनाला माझा सरसकट विरोध नाही. चार इयत्तांत मिळून चार मुलं असतील तर त्यांना खेळायला, भांडायला, ऐकून शिकायला सोबतीच नसतात, आणि हे नुकसान खरं आहे. पण वाहतुकीचा हिशेब करा. प्रवासाला सरकारकडून मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त ६ हजार. सहा मुलांचे ३६ हजार, शाळेच्या दहा महिन्यांत महिन्याला ३,६००. एवढ्यात कच्च्या उतारावरून रोज दोन फेऱ्या मारणारा रिक्षावाला मिळत नाही. मग जुलैत पऱ्या (ओढा) भरला की मूल घरी बसतं, किंवा आई मुलाला घेऊन शहरात जाते आणि गावातलं आणखी एक घर बंद होतं. गाडी कोण देणार, कोणत्या रस्त्याने, भाडं कोणत्या लेखाशीर्षातून, हे लिहून मिळाल्याशिवाय शाळा व्यवस्थापन समितीने संमती देऊ नये.

रस्त्यांचं तसंच. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेची अट सपाट भागात ५०० लोकवस्तीची, डोंगराळ आणि आदिवासी भागात २५० ची. नव्वद माणसांची वाडी यात कुठेच बसत नाही.

पैसे अजिबात येत नाहीत, असं मात्र म्हणता येणार नाही. गावांच्या मूलभूत सुविधांसाठीच्या २५१५ या लेखाशीर्षातून येतात, डोंगरी विकास कार्यक्रमातून येतात, आमदार निधीतून येतात. पण ते नव्या कामाला येतात: संरक्षक भिंत, सभामंडप, नवी पाखाडी, नवा साकव. नव्या कामाचं भूमिपूजन होतं, जुन्या साकवाच्या गंजलेल्या कठड्याचं होत नाही. आकसणाऱ्या गावाला नव्या बांधकामापेक्षा देखभालीचा पैसा जास्त लागतो, आणि प्रत्येक नवं बांधकाम देखभालीचा बोजा वाढवतं. शिवाय बऱ्याच योजना गावात हात आहेत असं गृहीत धरतात. रोहयोला अंगमेहनत करणारी माणसं हवीत, वनराई बंधाऱ्याला श्रमदान हवं, पाणी योजनेला लोकवर्गणी हवी. सत्तरीतल्या माणसांनी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून त्या ओढ्यात लावाव्यात अशी अपेक्षा कशी करणार?

हा प्रश्न आपल्याकडेच आला आहे असं नाही. जपान खेडी रिकामी होण्याचा अनुभव कितीतरी आधीपासून घेतो आहे. तिथे १९७० पासून अशा भागांसाठी वेगळा कायदा आहे. तिथलं केंद्र सरकार स्थानिक संस्थेची गरज मोजताना डोक्यांबरोबर रस्त्यांची लांबी, शाळांची आणि वर्गांची संख्या धरतं, आणि लहान वस्त्यांना दर वाढवून देतं. त्याने माणसं परत आली नाहीत, पण राहिलेल्यांचं पाणी-रस्ते टिकले. आपल्याच देशात उत्तराखंडने २०१७ मध्ये पलायन आयोग नेमला. २०११ नंतर ७३४ गावं निर्मनुष्य झाल्याचं त्याच्या २०१८ च्या अहवालात आलं. निदान मोजलं तरी.

माझी मागणी एवढीच आहे. राज्याने ग्रामपंचायतींना निधी वाटताना प्रत्येक पंचायतीला आधी एक ठरावीक किमान रक्कम द्यावी, आणि उरलेल्या रकमेची वाटणी लोकसंख्येबरोबर पाइपलाइनची लांबी, वाड्यांची संख्या आणि नमुना ८ मधली, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदवहीतली, घरं यांवर करावी. घरं मोजली की हंगामी लोकसंख्या आपोआप हिशेबात येते.

हे होईपर्यंत पंचायतीच्या हातात काही गोष्टी आहेत. नमुना ८ च्या यादीत प्रत्येक घरापुढे शेरा लिहा: बारमाही, हंगामी, कुलूपबंद, पडझड. पाणीपट्टीचे दोन भाग करा, स्थिर आणि वापराचा. वरच्या उदाहरणातल्या ९० बंद घरांनी वर्षाला ८०० रुपये स्थिर आकार भरला तर ७२ हजार जमतात, आणि उघड्या घराची पट्टी २५० वरून १५० वर येते. चाकरमान्यांना हे पटेल का? कागदावर हिशेब दाखवला तर पटतं. मे महिन्यात नळाला पाणी त्यांनाही हवंच असतं. वाडीतल्या मुंबईकरांच्या मंडळाकडे वर्गणी गोळा करायची चांगली घडी असते. देवळाच्या जीर्णोद्धाराबरोबर पंपाच्या दुरुस्तीचा वेगळा निधी त्यांनी धरावा.

घरपट्टी ३० सप्टेंबरच्या आत भरली तर पाच टक्के सूट असते, आणि गणपती त्याआधीच येतात. थकबाकीची यादी आणि क्यूआर कोड गणपतीच्या आठवडाभर आधी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला पाहिजे. घर चार भावांच्या नावावर असेल तर एकाने भरून पावती सगळ्यांना पाठवावी. कर भरल्याने कोणाचा हक्क वाढत किंवा कमी होत नाही, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यानेच समजावून सांगावं. हक्क जाईल या भीतीपोटी बरीच थकबाकी पडून असते.

ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून सुरू होते, तेव्हा चाकरमानी परत गेलेले असतात. गणसंख्या, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली कमी असेल ती. लहान गावात तीही जमत नाही आणि सभा तहकूब होते. म्हणून कामांची यादी १ मेच्या ग्रामसभेत करा. त्या दिवशी घरं भरलेली असतात. पंपाचं वर्षाचं वीजबिल, दुरुस्तीचा खर्च आणि वसूल झालेली पट्टी असे तीन आकडे फळ्यावर लिहा आणि सभा तिथून सुरू करा. नव्या कामांचे ठराव त्यानंतर घ्या.