ताप असला तरी माणूस कामावर कसा आणावा

नव्या साहेबांनो, माणसं आजारी पडतात याला तुमच्याकडे इलाज नाही. आजारी पडून ती घरी बसतात, याला मात्र आहे. ओरडायची गरज नाही. घडी नीट बसवली की माणूस कण्हत का होईना, आपल्या पायांनी येतो.

आधी प्रत्येक कामाला एकच माणूस ठेवा. तो दोन दिवस झोपला तर त्याचं काम कुणी करायचं नाही, नुसतं साचू द्यायचं. मग पांघरुणातसुद्धा त्याला तापापेक्षा टेबल जास्त दिसतं. स्वीडनमधल्या २००० सालच्या एका अभ्यासात सुमारे एक तृतीयांश लोकांनी कबूल केलं, की रजा घ्यायला हवी होती तरी वर्षात दोनदा किंवा जास्त वेळा आम्ही कामावर गेलो. आघाडीवर कोण? शुश्रूषा करणारे आणि शिकवणारे. (रुग्ण आणि मुलं, दोघांनाही लाभ.)

रजेचा फोन आला तर चुकूनही नाही म्हणू नका. ‘अरेरे, काळजी घे हं’ म्हणा, एक सुस्कारा सोडा आणि विचारा, ‘ती फाइल तेवढी कुठे ठेवलीयेस?’ तासाभरात लॅपटॉप उघडलेला असेल.

मग ब्रॅडफर्ड फॅक्टर आणा, म्हणजे आजारपणाच्या रजांना गुण देणारं सूत्र; गुण जास्त तितका माणूस वाईट. आजारपणाच्या खेपांचा वर्ग, गुणिले एकूण दिवस. सलग दहा दिवस आडवा पडलेल्याचे गुण १०. अर्धशिशीने एकेक दिवस करत दहा वेळा घरी राहिलेल्याचे १०००! दिवस तेवढेच, पण दुसरा संशयित. अर्धवट बरा होऊन लवकर परतला आणि पुन्हा पडला, तर त्या घाईचीही शिक्षा मिळते. असं सूत्र सुचायला प्रतिभा लागते.

कंत्राटी माणसांसाठी एवढं गणितही नको. रजा बिनपगारी, विषय संपला.

कुणी शहाणा म्हणेल, फ्लूची लागण लक्षणांच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस होऊ शकते, एकामुळे चौघं पडतील. पडू देत. हजेरीपटावर खोकल्याचा रकाना नसतो.

आणि तुम्हालाच ताप आला तर? अवश्य या. मफलर गुंडाळून मीटिंगला बसा, ‘काही नाही, जराशी कणकण’ एवढंच म्हणा. पुढच्या आठवड्यात अख्खा विभाग मफलरमध्ये हजर असेल.