पाच मिनिटांत इंजिन ओळखणारा मेसेज

माझा मावसभाऊ नाशिकला पाथर्डी फाट्याला राहतो. दिवाळीनंतर त्याने जुनी गाडी बघायला सुरुवात केली तेव्हा घरच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज त्याला तोंडपाठ होता. ‘मिस्त्रीला पैसे कशाला? पाच मिनिटांत इंजिन स्वतः ओळखा.’ ऑइल काळं असेल तर इंजिन गेलं. चालू गाडीत ऑइलचं झाकण उलटं ठेवल्यावर नाचलं तर इंजिन गेलं. पांढरा धूर म्हणजे हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि त्याचं वरचं डोकं यांच्यामधलं सील, गेलं. गाडी आधी गरम करून ठेवायला सांगा, मग आवाज ऐका. आणि स्कॅनरवर एरर नसेल, मीटर पन्नास हजाराच्या आत असेल, तर डोळे झाकून घ्या. एवढ्या भांडवलावर त्याने इंदिरानगरची एक चांगली डिझेल गाडी नाकारली आणि गंगापूर रोडच्या एका पेट्रोल गाडीवर तो भाळला.

नाकारण्याचं कारण काय, तर डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काळी निघाली. ज्या शहरात डिझेलचे सुटे भाग बनवणाऱ्या मायको (आताची बॉश) कंपनीच्या नावाचं मायको सर्कल आहे, सातपूरला डिझेलची नोझल बनवून निवृत्त झालेली माणसं गल्लोगल्ली भेटतात, तिथे हे ऐकावं लागतं! डिझेल जळताना काजळी होते, ती ऑइलमध्ये उतरते आणि तिला गोळा होऊ न देता धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. धडधाकट डिझेल इंजिनातही नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं पडतं. उलट जुन्या डिझेल गाडीत मधासारखं सोनेरी ऑइल दिसलं तर मी विचारतो, कालच का बदललंत? रंगापेक्षा ऑइल बोटांवर चोळून बघा. धातूचा चमचमता कीस लागतोय का? पेट्रोलचा वास येतोय का? डिपस्टिकवर दुधाळ, चहासारखा फेस असेल तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, ऑइलमध्ये मिसळतंय, तिथून निघा. फक्त झाकणाखाली पातळ साय असेल तर मात्र घाबरू नका. थंडीत जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत वाफ साठून तसं होतं.

झाकणाच्या नाचाचंही तसंच. पिस्टन रिंगांच्या बाजूने थोडा वायू प्रत्येक इंजिनात खाली उतरतो आणि झाकणाला धक्का देतो. काही इंजिनांत झाकणाच्या अगदी खालीच कॅमशाफ्ट फिरत असतो, तिथे नव्या गाडीचंही झाकण थरथरतं. गरम इंजिनात त्या तोंडातून सतत धूर येत असेल, डिपस्टिकच्या नळीतून ऑइल उडत असेल, तर शंका रास्त आहे. पण निकाल कॉम्प्रेशन टेस्टने, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजून लागतो. सगळ्या सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एखादा १०-१५ टक्क्यांहून जास्त मागे पडला तर तिथे काहीतरी झिजलंय किंवा गळतंय. हे काम मिस्त्रीचं, आणि त्याचे पैसे द्यावेत.

पांढऱ्या धुराबद्दल लिहिणाऱ्याने डिसेंबरात निफाडला पहाटे गाडी चालू करून बघावी. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. ते वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर पडतं आणि गारठ्यात पांढरं दिसतं. इंजिन तापल्यावरही धूर दाट राहिला, त्याला गोडसर वास आला आणि कूलंट कमी होत असेल, तर गॅस्केटचा संशय घ्या. मेसेजमध्ये निळ्या धुराचा उल्लेखच नाही, हे मला जास्त खटकलं. सिग्नलवर थोडा वेळ उभी राहिलेली गाडी रेस देताच निळा धूर सोडत असेल तर ती ऑइल जाळते आहे.

या सगळ्यात घातक सल्ला मात्र गाडी गरम करून ठेवण्याचा. विकणाऱ्याला हेच तर हवं असतं! रात्रभर उभ्या गाडीचं ऑइल खाली उतरलेलं असतं. पहिल्या काही सेकंदांत टायमिंग चेनचा खळखळाट, टॅपेटची टकटक, डिझेलचं उशिरा पेट घेणं, थकलेली बॅटरी, सगळं उघडं पडतं. दहा मिनिटं चालवली की यातलं बरंचसं झाकलं जातं. म्हणून सकाळी, न कळवता थोडं लवकर जा आणि आधी बॉनेटवर हात ठेवा. आवाज ऐकून झाला की मग गाडी तापवा, महामार्गाच्या उड्डाणपुलावर वरच्या गिअरमध्ये चढवून बघा. गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका, तोंड भाजेल.

स्कॅनरचं थोडक्यात. एररचे कोड पुसायला मिनिटही लागत नाही. पुसले की गाडीच्या स्वतःच्या चाचण्याही ‘अपूर्ण’ दिसू लागतात, त्या पूर्ण व्हायला थोडं फिरवावं लागतं. तेव्हा ‘एरर नाही’ एवढंच न बघता चाचण्या पूर्ण आहेत का तेही बघायला सांगा. चावी फिरवल्यावर इंजिनचा दिवा आधी लागून मग विझायला हवा. लागतच नसेल तर तो बिघडलाय किंवा कुणीतरी काढलाय. मीटरच्या आकड्यावर मी बोलत नाही, सर्व्हिसची जुनी बिलं आणि झिजलेलं क्लच पेडल बोलतात.

आम्ही गंगापूर रोडला सकाळी पावणेसातला पोचलो. बॉनेट गरम. “दूध आणायला गेलो होतो,” मालक म्हणाले. दुसऱ्या दिवशी साडेसहाला गेलो, तरी गरम. तिसऱ्या दिवशी भाऊच म्हणाला, “दादा, एवढं दूध कोण पितं रे?” इंदिरानगरला फोन केला, तर ती काळ्या ऑइलची डिझेल आदल्या संध्याकाळीच विकली गेली होती.