‘स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत ना, मग ही पदवी कशाला?’

करिअरच्या ग्रुपांवर एक सल्ला हमखास फिरत असतो: लैंगिक व प्रजनन आरोग्यात पदव्युत्तर शिक्षण घेण्यात काही अर्थ नाही. ते काम स्त्रीरोगतज्ज्ञांचं, विषय परदेशी फॅडचा, तोही बायकांपुरता, आणि एवढं शिकून दवाखाना टाकता येत नाही तो नाहीच.

स्त्रीरोगतज्ज्ञांचंच आधी बघू. त्यांच्यासमोर येतो तो पायरी चढून आलेला पेशंट. न आलेल्यांचं काय? राणी आणि अभय बंग दोघेही एम.डी., तरी सार्वजनिक आरोग्य शिकायला अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले. परतल्यावर गडचिरोलीतल्या दोन गावांत त्यांनी ६५० बायकांची पाहणी केली. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले, दर बाईमागे सरासरी ३.६. त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के! १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं. तपासणारा हात स्त्रीरोगतज्ज्ञाचाच हवा, मान्य. पण तक्रार नसलेल्या बाईलाही का तपासायचं, सासू उंबऱ्यात बसलेली असताना ‘अंगावरून पांढरं जातं का’ असं विचारलं तर ‘नाही’च का ऐकू येतं, हे ओपीडीत बसून कळत नाही. ते वेगळं शिकावं लागतं.

फॅड म्हणाल, तर र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं १९२१ साली. ते डॉक्टर नव्हेत, गणिताचे प्राध्यापक. या कामापायी ती प्राध्यापकीही गेली. आणि लोकसंख्येचा अभ्यास शिकवणारी, मुंबईतल्याच देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था १९५६ची.

‘बायकांपुरता विषय’ हे तर आपल्याकडच्या आकड्यांनी खरंच करून दाखवलंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींनी नसबंदी करून घेतलेली. नवऱ्याने करून घेतलेल्या ०.३ टक्के. पुरुषांची बिनटाक्याची शस्त्रक्रिया दोन्हींत सोपी, तरी ही तऱ्हा. असं का, हे पुरुषांशी बोलल्याशिवाय कसं कळणार? आणि बोलायला जायचं कोणी?

दवाखान्याचा मुद्दा मात्र बरोबर आहे. या पदवीने प्रॅक्टिसचा परवाना मिळत नाही. कामं असतात पाहण्यांत, सरकारी कार्यक्रमांत, संस्थांत, संशोधनात, पगार बेताचा. म्हणून कर्ज काढून परदेशी जाण्याआधी अभ्यासक्रमात संख्याशास्त्र किती आणि फील्डवर्क किती, एवढं नीट बघून घ्या.