बिबडे किती गॅलन?

मी जळगावातून ज्वारीचे बिबडे, उडदाचे पापड, कळण्याचं पीठ, काळा मसाला आणि सीझनला कैरीचं लोणचं ऑनलाइन विकते. म्हणजे करायला सासूबाई आणि गल्लीतल्या बायका, मी आपली फोटो काढते, ऑर्डरी घेते, पार्सलं बांधते आणि रात्री सगळे झोपले की हिशोब घेऊन बसते. हिशोब एक्सेलमध्ये. पुण्याच्या ऑर्डरी पिवळ्या, बेंगलोरच्या निळ्या आणि ज्यांचे पैसे आले की नाही ते आठवत नाही त्या गुलाबी. शीट जरा जास्तच गुलाबी दिसायला लागली तेव्हा आमचे सीए म्हणाले, ताई, आता एखादं सॉफ्टवेअर घेऊनच टाका. म्हटलं कोणतं घेऊ, तर म्हणे कोणतंही चालेल.

हे 'कोणतंही चालेल' जरा लक्षात राहू द्या.

दिरांनी माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत टॅली म्हणून टाकलं. त्यांचंही बरोबर आहे म्हणा, 1986 पासूनची कंपनी, दाणा बाजार असो नाहीतर मार्केट यार्डातली आडत, कॉम्प्युटर दिसला की त्यावर टॅलीच असणार, आणि पोरगं कॉमर्सला गेलं की दुसऱ्या दिवशी टॅलीच्या क्लासला. आमचा भुसावळचा भाचा असाच क्लास करून आलेला. मामी, मी टाकून देतो, शिकवतो पण, म्हणाला. टाकलं, लायसन्स नव्हतं म्हणून एज्युकेशनल मोडमध्ये. मी म्हटलं लिही, चौदा तारीख, तर म्हणे चौदा तारीख नाही चालत. त्या मोडमध्ये एन्ट्री महिन्याच्या एक, दोन आणि एकतीस एवढ्याच तारखांना होते, शिकणाऱ्या पोरांना तेवढं पुरे म्हणून. भाच्यानं आख्खा कोर्स ह्या तीन तारखांवर काढलेला. त्याला खरोखर वाटत होतं की अकाउंट्सचं काम एक, दोन आणि एकतीसलाच असतं, मधले दिवस लोक माल विकतात.

अमेरिकेतली नणंद क्विकबुक्सवर अडून बसली, इथे सगळे तेच वापरतात गं. तिला सांगितलं की ते 2023 मध्येच इथून गाशा गुंडाळून गेलं, तर म्हणते मग व्हीपीएन लाव. शेजारच्या वहिनी साड्या विकतात, त्यांचं म्हणणं मोबाइलवर 'व्यापार' ॲप टाक आणि मोकळी हो. नाशिकची मैत्रीण झोहो बुक्सच्या बाहेर बोलायलाच तयार नाही. ज्याला जे येतं ते त्यानं सांगितलं, मी काय विकते ते कोणी विचारलंच नाही. तक्रार नाही माझी, मला पण कोणी भरिताची वांगी विचारली तर मी बामणोदचीच सांगते, समोरच्याकडे चूल आहे का ते विचारत नाही.

मग मी डेमोच्या नादी लागले. वेबसाइटवर नंबर टाकायची खोटी, अर्ध्या तासात फोन आणि संध्याकाळी व्हिडिओ कॉल. एका कंपनीचा पोरगा (नाव जाऊ द्या) टाय लावून बसलेला, इकडे आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकलेला, पंखा गरम हवा फेकतोय, मी मांडीवर लॅपटॉप आणि लॅपटॉपखाली ओला नॅपकिन.

"मॅम, आपका प्रॉडक्ट?"

"बिबडे."

"बीबीडी?"

"बिबडे. ज्वारी का बनता है. पापड जैसा."

"ओके मॅम, सो पापड."

हे सासूबाईंनी मागून ऐकलं. बिबड्याला पापड म्हणणारा माणूस त्यांच्या लेखी तिथेच नापास. त्यांनी डब्यातून एक बिबडा काढून कॅमेऱ्यासमोर धरला आणि पहिल्यापासून सुरू केलं, ज्वारी भिजवायची, मग दळायची, मग घाटा शिजवायचा, त्यात तीळ, लसूण, मिरची, मग ओल्या कापडावर थापायचं, मग ऊन. पोरगा बिचारा ऐकत होता. शेवटी म्हणाला, मॅम, ये सब बीओएम में आ जाएगा (म्हणजे कशाला कोणता माल किती लागतो त्याची यादी), रॉ मटेरियल, फिनिश्ड गुड्स, और वेस्टेज कितना रहता है?

वेस्टेजला गाडी अडकली. कारण घाटा शिजला की गल्लीतली पोरं वाट्या घेऊन दारात उभी असतात, त्यांना वरून कच्चं तेल घालून गरम घाटा द्यावा लागतो, गच्चीवरचे अर्धवट वाळलेले बिबडे जाता-येता उचलले जातात ते वेगळेच, आणि त्यात सासरेबुवा पण आले. सासूबाई म्हणाल्या वाया कुठे गेलं, खाल्लं ना. तो म्हणतो अप्रॉक्स पर्सेंटेज बता दीजिए. काय सांगणार, शाळेला सुट्ट्या लागल्यात की नाही त्यावर आहे ते.

त्यानंतर आलं युनिट. आमचे बिबडे शेकड्यावर जातात, तर म्हटलं शेकडा टाक. त्यानं यादी उघडली. ही यादी सॉफ्टवेअरवाल्याची नाही हं, जीएसटीची ठरलेली आहे, कोणतंही सॉफ्टवेअर घ्या, हीच असते. त्यात डझन आहे. ग्रोस आहे, म्हणजे बारा डझन. ग्रेट ग्रोस आहे. टेन ग्रोस आहे. हजार आहे. यूएस गॅलन आहे! आणि बिलियन ऑफ युनिट्स पण आहे, म्हणजे उद्या सासूबाईंनी मनावर घेतलं आणि एका उन्हाळ्यात अब्जभर बिबडे थापले तर सरकारची तयारी आहे. फक्त शंभर नाही. मी दोनदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, शंभर नाहीच. तुमच्या सोयीसाठी शेकडा असं युनिट बनवता येतं, पण जीएसटीच्या रिटर्नमध्ये ते 'अदर्स' म्हणून जातं. सासूबाईंना हे मी अजून सांगितलेलं नाही.

टॅक्सचं त्यामानानं सोपं निघालं, त्यातली गंमत फक्त सांगते. 2021 च्या ऑगस्टमध्ये गोल पापडाला जीएसटी नाही आणि चौकोनी पापडाला आहे अशी एक पोस्ट जोरात फिरली होती, एवढी की केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळाला खुलासा करावा लागला की पापड कोणत्याही नावाचा असो, कोणत्याही आकाराचा असो, त्याला जीएसटी नाही. सीए म्हणाले तुमचे बिबडे पण ह्यातच. म्हणजे डेमोवाला पोरगा कायद्यानं बरोबर होता. घरात टॅक्स शून्य झाल्याचा आनंद कमी आणि सरकारनं बिबड्याला पापड म्हटल्याचं दुःख जास्त झालं. मसाल्याला 5 टक्के, लोणच्याला 12 होते ते 22 सप्टेंबर 2025 पासून 5 झाले. पार्सल महाराष्ट्रात गेलं तर त्या पाचाचे केंद्राला अडीच, राज्याला अडीच असे दोन तुकडे, बेंगलोरला गेलं तर पाचच्या पाच आयजीएसटीत, म्हणजे परराज्यातल्या विक्रीच्या जीएसटीत. एवढं सगळी सॉफ्टवेअरं करतात, झोपेत करतात, त्याचं कौतुक ऐकत बसू नका.

खरी परीक्षा वेगळी आहे आणि ती डेमोत कोणी दाखवत नाही. समजा मसाल्याचं पाकीट टॅक्स धरून 420 ला गेलं. शॉपिंग साइट त्यातून 42 कमिशन कापणार, त्यावर 18 टक्के जीएसटी 7 रुपये 56 पैसे. कुरियरचे 55, त्यावर परत जीएसटी 9 रुपये 90 पैसे. मग टीसीएस, म्हणजे साइट आपल्या नावानं आधीच कापून सरकारकडे भरते तो कर, अर्धा टक्का, तो मूळ 400 वर, म्हणजे 2 रुपये. बँकेत येणार 303 रुपये 54 पैसे. तेसुद्धा एकटे येत नाहीत, आठवड्याभराच्या सगळ्या ऑर्डरींचा एकच गठ्ठा येतो आणि त्यात कोणीतरी सीओडी मागवून दार न उघडलेलं असतं, त्या परत आलेल्या पाकिटाची वजाबाकी आत मिसळलेली. ते 2 रुपये पण गेले असं नाही, जीएसटीच्या पोर्टलवर जाऊन स्वीकारले की तिथल्या आपल्या खात्यात, कॅश लेजरला, जमा होतात, पण स्वीकारायचं आठवलं पाहिजे. तर ज्या सॉफ्टवेअरमध्ये साइटची ती सेटलमेंटची फाइल टाकली की ऑर्डरवार जुळवून मिळतं, ते आपलं. बाकी डॅशबोर्ड, रंगीत चार्ट, मोराच्या डिझाइनचं इन्व्हॉइस, हे सगळं बघायला छान. मला ते मोरवालं फार आवडलं होतं तरी.

हा निकष लावून मी एक पक्कं केलं आणि मोठ्या तोऱ्यात सीएंच्या ऑफिसला फोन लावला. साहेब बाहेर होते, आर्टिकलशिपवाल्या, म्हणजे सीए व्हायला त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या पोरानं उचलला. मी नाव सांगितलं, तर म्हणाला, "ताई, त्याचा डेटा आपल्याकडे नीट उघडत नाही." बरं, मग दुसरं? "त्यात लेजर सगळे वेगळे येतात, मला परत टाकावे लागतात." मग तिसरं? तो नुसता हसला. म्हटलं अरे पण साहेब म्हणाले होते कोणतंही चालेल. तो म्हणाला, "साहेबांना चालतं, ताई. एन्ट्र्या मी पाहतो."

तर दादा-तायांनो, एवढे डेमो, एवढ्या तुलना, आणि सॉफ्टवेअर निवडलं महिना स्टायपेंडवर असलेल्या एका पोरानं, ज्याची पुढच्या वर्षी सीएची फायनल आहे. आधी त्यालाच विचारलं असतं तर एवढा उन्हाळा मोकळा गेला असता. नाव सांगत नाही, तुमच्याकडचा पोरगा वेगळं सांगेल. चांगलं आहे. सेटलमेंटची फाइल घेतं. मोर नाही.

त्यात एक सोय होती, उधारी थकली की ग्राहकाला व्हॉट्सॲपवर आपोआप आठवण जाते. जुने गुलाबी लोक सगळे आत भरून झाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सगळ्यांना एकदम मेसेज गेला की आपली रक्कम थकीत आहे, गैरसोय टाळण्यासाठी त्वरित भरणा करावा. त्यात अमळनेरच्या आत्याबाई होत्या, सासऱ्यांच्या सख्ख्या भगिनी, लोणच्याचे 500 रुपये. सव्वानऊला सासऱ्यांचा फोन वाजला आणि स्पीकर न लावता सगळ्या घरानं ऐकलं, "दादा, तुन्ही सूननी माले नोटीस धाडी!"

सासरे माझ्याकडे बघायला लागले, मी लॅपटॉपकडे. नऊ चाळीसला पैसे आले. 501. खाली लिहिलेलं, "ले, तुन्हा आहेर."

चार दिवसांनी त्या आर्टिकलवाल्या पोराचा फोन. ताई, अमळनेरच्या पार्टीचा एक रुपया जास्त आलाय, ॲडव्हान्समध्ये टाकतो, पुढच्या बिलात आपोआप वजा होऊन त्यांना मेसेज जाईल.

म्हटलं बाबा, काय पाहिजे ते कर, सस्पेन्स खात्यात टाक, माझ्या नावावर टाक, पण आत्याबाईंना मेसेज जाऊ देऊ नको.