"दाजी, कार्बोरेटरमध्ये कचरा असेल"

आता पुन्हा कुणी मला "कार्बोरेटरमध्ये कचरा असेल" म्हणालं ना, तर पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा तो कार्बोरेटर काढून मी त्याच्या हातात देणार आहे. सुट्टा करून. स्प्रिंगा, पिना, फ्लोट आणि अ‍ॅक्सिलरेटर पंपाखालची ती छर्ऱ्याएवढी गोळी, सगळं सकट. बस म्हणावं शोधत कचरा.

गाडी जुनी आहे हे मान्य. पण जुनी गाडी म्हटलं की बोनेट उघडायच्या आधीच लोकांचं निदान ठरलेलं असतं. स्टार्ट होत नाही? कार्बोरेटर. धक्के मारते? कार्बोरेटर. आवाज येतो? ट्यूनिंग करून घ्या. अरे, इंजिनापर्यंत पेट्रोल पोचायला टाकी आहे, नळी आहे, फिल्टर आहे, पंप आहे. त्या सगळ्यांनी कुणाचं काय घोडं मारलंय?

माझ्या गाडीचं दुखणं असं. सकाळी चोक ओढला की पहिल्या सेल्फला चालू. वीस-पंचवीस मिनिटं झकास पळणार. मग एक हलका झटका. मग लागोपाठ तीन-चार. मग पाय तळाला टेकवला तरी जोर नाही, आणि गाडी बंद. नेमकी चढावर, मागे हॉर्नची रांग. सेल्फ मारून मारून बॅटरी रडवायची. दहा मिनिटं गप्प बसलं की पुन्हा चालू, काही झालंच नाही अशा थाटात.

पहिला मेकॅनिक. एक शब्द न विचारता कार्बोरेटर उतरवला, स्प्रे मारला, हवा मारली, "झाली" म्हणाला. येताना मी टाकी फुल केली आणि दोन दिवस गाडी सोन्यासारखी चालली. तिसऱ्या दिवशी त्याच चढावर बंद. हे "टाकी फुल केली" लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही, म्हणून तर ही वेळ आली.

दुसऱ्यांदा मीच उघडला. पितळी स्क्रूंची डोकी आधीच कुणीतरी खाल्लेली. गॅस्केट हात लावताच फाटलं, किटमधल्या नव्याची भोकं भलतीकडेच. एक सर्क्लिप उडून कुठे गेली ते आजतागायत कळलेलं नाही. फ्लोट, म्हणजे कार्बोरेटरच्या वाटीतल्या पेट्रोलवर तरंगणारा डबा, हलवून पाहिला, आत पेट्रोल शिरलेलं नाही. त्याच्या तालावर पेट्रोलची वाट उघडझाप करणारी नीडल बरी. फ्लोटची लेव्हल बरोबर. कचरा? शपथेला नाही.

मग मेव्हण्याने नवी थिअरी आणली. "दाजी, व्हेपर लॉक!" म्हणजे उन्हाने, इंजिनाच्या धगीने नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. आता हे खोटं नाही, जुन्या गाड्यांत होतं हे. त्यावर त्याचा इलाज म्हणजे पंपावर ओलं फडकं. गाडी बंद पडली की आम्ही फडकं भिजवायचं, पंपावर ठेवायचं, दहा मिनिटं थांबायचं. गाडी चालू! मेव्हणा छाती फुगवून बघायचा. अरे शहाण्या, फडकं न ठेवताही ती दहा मिनिटांनी चालू होतच होती की!

दुसऱ्या मेकॅनिकने कहर केला. मेन जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा तुकडा, काढला आणि भोकात तार घातली. तार! जेटवर ११५ कोरलेलं होतं, म्हणजे भोक १.१५ मिलिमीटरचं. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजून पाडलेलं भोक, ते हा गडी क्लचच्या केबलच्या तारेने कोरतोय, दात कोरावेत तसं. जाता जाता पेट्रोल-हवेचं प्रमाण कमी-जास्त करणारा मिक्श्चर स्क्रूही दोन आटे फिरवला. हा स्क्रू म्हणजे देवळातली घंटा आहे का? जो येतो तो हात लावून जातो.

मला राग कशाचा आहे सांगू? खरी तपासणी दोन मिनिटांची आहे आणि ती एकानेही केली नाही. गाडी बंद पडली की तिथेच एअर क्लीनरचं झाकण काढायचं, कार्बोरेटरच्या घशात बघायचं आणि अ‍ॅक्सिलरेटरचं लिंकेज हाताने ओढायचं. आत पेट्रोलची पिचकारी उडाली तर बाऊलमध्ये, म्हणजे फ्लोटच्या त्या वाटीत, पेट्रोल आहे, मग करंट बघा, कॉइल बघा, कंडेन्सर बघा. उडाली नाही तर बाऊल बहुधा कोरडा. बाऊल कोरडा म्हणजे पेट्रोल मागून येतच नाहीये, मग मागे-मागे जायचं. पण त्यासाठी गाडी बंद पडेपर्यंत तिच्यात बसावं लागतं. ते कोण करणार? पाना हातात घेऊन कार्बोरेटर उतरवणं सोपं.

शेवटी मीच केलं. तोच चढ, तेच हॉर्न. लिंकेज ओढलं, पिचकारी नाही. घसा कोरडा ठाक. आपल्या गाडीचा काटा कधी खरं बोलत नाही, म्हणून टाकीत पेट्रोल तरी आहे का बघावं म्हणून मागे गेलो. झाकणाला चावी लावली तर झाकण हलेना. जोर लावला आणि... सूऽऽऽस! टाकीने एवढा मोठा श्वास घेतला की मीच दचकलो. झाकण सैल ठेवून सेल्फ मारला. आठ-दहा गरगरी आणि इंजिन चालू. दहा मिनिटं नाही, फडकं नाही.

टाकीतून पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला हवी. जुन्या गाड्यांत ती हवा झाकणातल्या बारीक छिद्रातून येते. नव्या गाड्यांत टाकीचा श्वास वेगळ्या वाटेने, कोळशाच्या डबीतून चालतो, म्हणून त्यांचं झाकण हवाबंद असतं. माझ्या टाकीवर हवाबंद झाकण होतं. पेट्रोल कमी होत जायचं तशी आत पोकळी वाढायची, शेवटी पंपातला पेट्रोल ओढणारा पडदा, तो बिचारा डायफ्राम, हात टेकायचा. थांबलं की हवा कुठून तरी झिरपायची. टाकी भरताना झाकण उघडलं जायचं आणि साठलेली पोकळी मोकळी व्हायची, म्हणून भरल्यावर गाडी खूश. मी समजत होतो त्या पेट्रोल पंपावर पेट्रोल चांगलं मिळतं!

आणि ते हवाबंद झाकण लावलं कुणी? मीच. जुन्याची चावी हरवली म्हणून नवीन आणलं. चकचकीत, आट्यात घट्ट. "काय फिट बसलंय!" म्हणून घरात चार जणांना दाखवलंही होतं. त्यानंतर आठवड्यात गाडी बंद पडायला लागली. दोन मेकॅनिक आणि मेव्हणा, तिघांपैकी एकानेही "अलीकडे काय बदललं?" असं विचारलं नाही, आणि मला सांगायचं सुचलं नाही.

आता छिद्राचं झाकण बसवलंय. चढ गाडी हसत चढते. पण तारेने कोरून भोक मोठं झालेल्या त्या जेटमुळे प्लग काजळासारखे काळे, मागून धूर, आणि पेट्रोल ढसाढसा पितेय. काल मेव्हण्याने धूर पाहिला, मान डोलावली आणि म्हणाला, "दाजी, मी पहिल्यापासून सांगत होतो, कार्बोरेटर."

आणि या वेळी त्याचं बरोबर आहे.