कुत्र्याच्या रेकॉर्डबद्दल खुलासा

‘कुत्र्याचं चित्र असलेली कोणतीही जुनी ग्रामोफोन रेकॉर्ड लाखाला जाते, स्पिरिटने पुसून फोटो पाठवा’ हा मेसेज पुण्यातल्या ग्रुपवर फिरतोय. रविवारी तो मीही पुढे ढकलला होता, न तपासता. चूक माझीच.

एचएमव्हीचं (‘हिज मास्टर्स व्हॉइस’) कुत्र्याचं लेबल दुर्मिळतेची खूण नाही. कोलकात्यात १९०८ मध्ये रेकॉर्डचा कारखाना निघाला आणि ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्या १९६० च्या दशकातही निघत होत्या. जुन्या बाजारात मला अशा कितीतरी मिसळीच्या पैशात मिळाल्यात. एकीच्या कडेला केसाएवढी चीर आहे. दर फेऱ्याला ‘टक्’ वाजतं. बहुतेक अशाच गेल्या, फुटून.

खरी दुर्मिळ म्हणजे १९०२ च्या ध्वनिमुद्रणांच्या, गायिका गौहर जान यांच्या काळातल्या, जर्मनीत हॅनोव्हरला छापलेल्या एकाच बाजूच्या तबकड्या. त्यांवर कुत्रा नाही, पंखवाला देवदूत असतो.

आणि स्पिरिट तर मुळीच लावू नका! तबकडीत लाख असते (पैशातली नव्हे), ती स्पिरिटमध्ये विरघळते, खाचा जातात. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, तबकडी उभी ठेवा.

माझा मेसेज ज्यांनी पुढे पाठवला, त्यांनी कृपया तो काढून हा पाठवा.